पिवळ्या कपलरला हात लावण्याआधी

हॉर्न वाजत नाही एवढीच तक्रार होती. गाडी जुनी, नुकतीच दुसऱ्याकडून घेतलेली, बाहेरून चकचकीत. ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीत कितीतरी गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर त्या धुतल्या-वाळवल्या गेल्या आणि हळूहळू विकल्याही गेल्या. ही त्यांतलीच असावी असा वास आत बसल्या बसल्या आला. गालिच्याखाली हात घातला तर सीटच्या रुळांवर गंज आणि स्क्रूंच्या खाचांत गाळ.

स्टीअरिंगवरच्या हॉर्नची वायर ज्या गुंडाळलेल्या पट्टीतून खाली येते तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. चालकाच्या एअरबॅगच्या तारासुद्धा त्याच पट्टीतून जातात. पट्टी तुटली की बहुतेक वेळा हॉर्न बंद होतो आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो. इथे हॉर्न बंद होता, पण दिवा अगदी शहाण्यासारखा वागत होता: चावी फिरवली की पेटायचा, काही सेकंदांनी विझायचा. स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही.

"मिस्त्री, मशीन पण ओके म्हणतंय की. नुसता हॉर्न करून द्या," गाडीमालक म्हणाले.

पट्टीतला फक्त हॉर्नचाच पदर तुटला असेल, असंही होऊ शकतं. तरी मन मानेना. बॅटरी काढून, थांबून, स्टीअरिंगखालचं आवरण उघडलं. एअरबॅगचा पिवळा कपलर सोडवून बाजूला बांधून ठेवलेला, आणि कंट्रोल युनिटकडून येणाऱ्या दोन तारांमध्ये काळ्या टेपखाली एक छोटासा रेझिस्टर. स्टीअरिंगमधली बॅग जागेवर होती, फक्त कशालाही जोडलेली नव्हती. ते गृहस्थ ती गाडी घेऊन बायको-मुलांसह पुण्याला जाऊन आले होते.

हे असं का चालतं, ते कळायला सर्किट समजून घ्यावं लागतं. कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत गिअरच्या पुढे, मधल्या बोगद्यावर बसवलेलं असतं. ते प्रत्येक बॅगच्या तारांमधून अगदी बारीक करंट सोडून अडथळा मोजत राहतं. बॅग पेटवणाऱ्या स्क्विबचा अडथळा साधारण 2 ओहम असतो. तेवढा मिळाला की युनिट समाधानी. समोर खरी बॅग आहे की रेझिस्टर, हे त्याला कळायचा मार्ग नाही. गंमत अशी की कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकेत हाच 2 ओहमचा रेझिस्टर अधिकृत हत्यार म्हणून येतो. बॅग काढून तिच्या जागी तो लावायचा आणि दोष बॅगेत आहे की वायरिंगमध्ये, हे ओळखायचं. म्हणजे तपासणीचं साधन तपासणी संपल्यावर गाडीतच ठेवलं, की फसवणूक झाली. क्लॉक स्प्रिंग बदलण्याचा खर्च हजारांत, रेझिस्टर काही रुपयांत. मोह कुठून येतो ते उघड आहे.

आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आणि 2021 मध्ये शेजारच्या सीटचीही. त्या गाड्या आता वॉरंटीतून बाहेर पडून आमच्यासारख्या नाक्यावरच्या गॅरेजांत येताहेत. हेडलाइट आणि अल्टरनेटर करण्यात हयात गेलेले हात आता पिवळ्या तारांना लागतात, आणि जुन्या सवयी इथे नडतात.

सगळ्यात वाईट सवय टेस्टिंग बल्बची. आमच्या धंद्यात इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरी लावून खिशात असतोच. 12 व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर ओढतो. स्क्विब पेटायला 1.2 अँपिअर करंट 2 मिलिसेकंद मिळाला तरी पुरतो. सप्लाय आहे का बघू म्हणून त्या तारेला बल्ब टेकवणं म्हणजे बॅग उडवण्याचं बटण दाबणं. बॅग साधारण 30 मिलिसेकंदांत फुगते, पापणी लवायच्या आत. स्टीअरिंगवर वाकून बसलेल्या कारागिराचं तोंड तेव्हा कुठे असेल, ते सांगायला नको. डिजिटल मीटरचा करंट फार कमी असतो हे खरं, पण बॅगेवर थेट मीटर लावायला उत्पादक मनाई करतात आणि ती मी पाळतो. जुन्या काट्याच्या मीटरला तर या कामात जागाच नाही.

बॅटरी काढली म्हणजे झालं, हा दुसरा गैरसमज. धडकेत बॅटरीची वायर तुटली तरी बॅग उघडावी म्हणून युनिटमध्ये कपॅसिटर असतो आणि तो काही काळ भरलेला राहतो. कुठली कंपनी दीड मिनिट थांबा म्हणते, कुठली तीन, कुठली दहा. तुमच्या गाडीचं पुस्तक जे म्हणतं ते खरं. पुस्तक हाताशी नसेल तर या कामाला हात घालूच नये असं माझं मत आहे. मी चावी काढतो, बॅटरीची मायनस सोडवून टोकाला टेप गुंडाळतो आणि सरळ चहाला जातो. तेवढ्या वेळात कोणी दार उघडून चावी फिरवू नये म्हणून चावी खिशात. परत आल्यावर आधी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, अंगावरची स्थिर वीज उतरते.

पिवळे कपलर ओढून काढायचे नसतात. त्यांना वेगळ्या रंगाचं दुसरं लॉक असतं, ते आधी सोडवावं लागतं. कपलर सुटला की आतली एक स्प्रिंगची पट्टी दोन्ही पिनांना आपोआप शॉर्ट करते, भटका करंट स्क्विबमध्ये जाऊ नये म्हणून. हीच सोय नवख्याला चकवते. बऱ्याच गाड्यांत युनिटकडच्या कपलरमध्येही अशी पट्टी असते. दोन्ही टोकं सुटी करून वायरिंगवर मीटर लावला तर शून्याजवळ आकडा येतो आणि पोरगं ओरडतं, "वायर शॉर्ट आहे!" चांगला हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, त्यापायी फाडलेला मी पाहिला आहे. पट्टी मोकळी कशी करायची ते पुस्तकात दिलेलं असतं. तसं करून मगच मोजावं, आणि तेही फक्त वायरिंग, बॅग नव्हे.

आता जोड. बहुतेक कंपन्या एअरबॅगच्या तारांना जोड देऊच नका, हार्नेस बदला, असं सांगतात. काही ठिकाणी, विशेषतः पुढच्या धडक-सेन्सरच्या तारांना, ठरावीक पद्धतीने जोड चालतो. पावसाळ्यात बोनेटमध्ये शिरलेले उंदीर नेमक्या याच तारा कुरतडतात, म्हणून हे काम वारंवार येतं. तिथे त्याच जाडीची वायर, योग्य मापाचा क्रिम्प, क्रिम्पिंगचं खरं हत्यार (पक्कड नव्हे) आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. दोन तारांचे जोड एकमेकांसमोर येऊ द्यायचे नाहीत, मागेपुढे घ्यायचे. दोन्ही तारा कंपनीने एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, बाहेरचा विद्युत-गोंधळ त्यात उतरू नये म्हणून. जोडानंतर तो पीळ पुन्हा द्यायचा. हाताने पिळून टेप मारलेला जोड हेडलाइटला वर्षभर चालेल. इथे अर्ध्या-एक ओहमचा फरक पडला तरी दिवा पेटू शकतो, आणि धडकेच्या क्षणी तो जोड टिकेलच याची खात्री कोण देणार? डाग लावणं, म्हणजे सोल्डरिंग, अनेक कंपन्या नाकारतात, कारण डागाशेजारी तार ताठ होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी तिथेच तुटते.

पुढच्या सीटखालचा कपलर हे सर्वात सामान्य दुखणं. त्यात बाजूच्या एअरबॅगच्या किंवा बेल्टच्या प्री-टेन्शनरच्या तारा असतात. मागे बसलेल्याचा बूट लागतो, पाण्याची बाटली सांडते, धुलाईवाला पाइप मारतो. पुरात बुडालेल्या गाडीत त्याच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात. स्प्रे मारून दिवा दोन महिने विझतो. खरा उपाय पिना आणि कपलर बदलणं हाच. बुडालेलं युनिट तर बदलायचंच, वाळवून परत लावायचं नाही. क्लॉक स्प्रिंगही उघडून जोडायची वस्तू नाही. नवी बसवताना चाकं सरळ, पट्टी मध्यावर. नाहीतर पहिल्या पूर्ण वळणाला ती तुटते.

काढलेली बॅग झाकणाची बाजू वर ठेवून सपाट जागी, उन्हापासून लांब ठेवावी. उलटी ठेवली आणि पेटली तर ती वस्तूच उडते. नेताना झाकण अंगापासून दूर.

काम झाल्यावर बॅटरी जोडताना गाडीत कोणी बसलेलं नको. मग दारातून हात लांबवून चावी फिरवायची, स्टीअरिंगसमोर न वाकता. दिवा पेटला, विझला, की एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर लावून बघायचं. बाजारातले स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड वाचतात, त्यांच्या "ओके"ला अर्थ नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी चावी फिरवून दिवा जरूर पाहावा. अजिबात पेटला नाही, तर काढून टाकलेला असू शकतो. पण नीट पेटून विझला तरी तेवढ्यावर व्यवहार करू नका. हॉर्न आणि स्टीअरिंगवरची बटणं दाबून पाहा, सीटचे रूळ आणि बेल्ट पूर्ण ओढून त्याच्या टोकाजवळचा गाळ पाहा, आणि शंका आली तर कपलर प्रत्यक्ष उघडून दाखवणाऱ्याकडेच गाडी न्या. पुढे बुलबार असेल तर तो आधी उतरवा. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलं होतं. धडकेचा जोर सेन्सरपर्यंत जसा पोचायला हवा तसा बुलबार पोचू देत नाही. सीटच्या कुशीवर एअरबॅगची पट्टी शिवलेली असेल, तर तिथे उसवणारी शिवण नसलेलं कव्हरही काढून टाका.