बीआरएमच्या आधी

बीआरएम म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल सफर. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७. ही शर्यत नव्हे, पण मुदत पक्की असते आणि सामानाची यादी त्या मुदतीतूनच निघते. म्हणून आधी कागद-पेन्सिल घ्या. सकाळी ६ ला निघालात तर २०० ची मुदत संध्याकाळी साडेसातला संपते. डिसेंबरात पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे दीड तास अंधार. ३०० ला रात्रीचे दोन वाजू शकतात, म्हणजे आठ तास. ४०० मध्ये अख्खी रात्र रस्त्यावर.

आता दिवे काढा. पुढचा पांढरा, मागचा लाल, दोन्ही सायकलला घट्ट बसवलेले हवेत. खोक्यावर छापलेल्या तासांवर विसंबू नका. आठवडाभर आधी दिवा पूर्ण चार्ज करा, ज्या प्रखरतेवर चालवणार त्याच प्रखरतेवर लावून ठेवा आणि कधी विझतो ते घड्याळात बघा. अंधाराचे तास त्यात बसत नसतील तर दुसरा दिवा किंवा पॉवर बँक घ्या. ३०० पासून पुढे तर जादा दिवा बरोबर असलाच पाहिजे. मागचा दिवा लुकलुकता ठेवू नका, स्थिर ठेवा. लुकलुकत्या दिव्यावरून मागच्याला अंतराचा अंदाज येत नाही, आणि तुमच्या पाठोपाठ येणारा सायकलस्वार तर वैतागतोच. पुढच्या दिव्याचा झोत रस्त्यावर पडेल इतका खाली वळवा.

मग सगळं सामान लादून, जॅकेट घालून सायकलवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी वीस पावलं मागे उभं करा. सीटखालची बॅग लाल दिव्यावर लोंबतेय का? पाठीवरच्या पिशवीखाली रिफ्लेक्टिव्ह जॅकेट झाकलं गेलंय का? सुटण्यापूर्वीच्या तपासणीत पास झालेलं जॅकेट रात्री पिशवीखाली दडलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. जॅकेट पिशवीवरून घाला.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, आडवं. कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही व्हावा, हनुवटीखाली एखादं बोट जेमतेम शिरावं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद करा. आतला फोम एकदाच दबतो. हेल्मेट घाटात, चढावर, उकडत असतानाही डोक्यावरच असायला हवं.

ब्रेक पॅड झिजले असतील तर आजच बदला, खंबाटकी घाट उतरताना नव्हे.

पंक्चरचं सामान: दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर, पॅच. ट्यूबचा व्हॉल्व्ह तुमच्या रिमला पुरेसा लांब आहे ना, ते प्रत्यक्ष घालून बघा. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या सायकलच्या टायरमध्ये रुतून राहतात आणि नवी ट्यूबही पाच मिनिटांत जाते. म्हणून ट्यूब बदलण्याआधी टायर आतून कापसाने पुसा. जिथे कापूस अडकेल तिथे तार. वाटेत मागून येणाऱ्या मित्राच्या गाडीतून मदत घेता येत नाही, ती फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या तपासणी ठिकाणी चालते.

ओळखपत्र आणि घरचा फोन नंबर जर्सीच्या खिशात, प्लास्टिकमध्ये. सुरुवातीच्या तपासणीला अर्धा तास आधी पोहोचा. दिवे लावून दाखवायला सांगतात.