न जुळणारे रक्त

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने रक्तावर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. पण तसे कारण घडले. आमच्या कळसाडी गावात सिकलसेलच्या तपासणीसाठी पथक आले, तेव्हा आईने बोट पुढे केले नाही. "आपलं रक्त नेऊन ते त्याचं करतात काय?" असे तिने मला विचारले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. तरी मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी वाचू लागले आणि वाचता वाचता मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयापर्यंत जाऊन पोहोचले.

परळ हा गिरणी कामगारांचा भाग. तेथे १९२६ साली शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडून महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांच्या विश्वस्तांची अट होती. सरकारी वैद्यकीय सेवेत त्या काळी वरच्या जागांवर बहुधा इंग्रजच असत, हे लक्षात घेतले म्हणजे या अटीचे मोल कळते.

या रुग्णालयाच्या नावावर अनेक मोठी कामे आहेत. डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधा या आपल्या जुन्या वनस्पतीचा रक्तदाबावरील उपयोग रुग्णांवर पडताळून १९४९ साली जगापुढे मांडला. दक्षिण आफ्रिकेत पहिले हृदयारोपण झाल्यावर अवघ्या अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी येथे ती शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासच जगला. पण आशियातील तो पहिला प्रयत्न होता. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून येथेच टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. परंतु आईच्या प्रश्नाचे उत्तर मला ज्या शोधात सापडले, तो रोजच्या साध्या रक्ततपासणीत लागला होता.

कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तगट शोधले, तेव्हापासून ओ गटाचे रक्त कोणालाही चालते, असे मानले जाई. १९५२ च्या सुमारास मुंबईत दोन जखमी माणसांना रक्त देण्याची गरज पडली. एक रेल्वेचा कामगार होता, तर दुसरा सुरीहल्ल्यात जखमी झालेला. तपासणीत दोघांचा गट ओ दिसे. परंतु ओ गटाच्या दात्याचे रक्त त्यांच्या रक्तद्रवात मिसळले की त्याच्या गुठळ्या होत. कोणत्याच गटाचे रक्त जुळेना. शेवटी मुंबईतच असा तिसरा माणूस आढळला. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने याचा छडा लावला आणि १९५२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. हाच 'बॉम्बे रक्तगट' होय.

त्याचे कारण असे. घर बांधताना आधी जोते घालतात, मग भिंती उभ्या करतात. तांबड्या पेशीवर एच नावाचा घटक हे जोते. ए आणि बी या त्यावरच्या भिंती. ओ गटात भिंती नसतात, पण जोते असते. बॉम्बे गटात जोतेच नसते. म्हणून त्या माणसाच्या शरीराला ओ गटाचे रक्तदेखील परके वाटते आणि ते चढवल्यास जिवावर बेतू शकते. आई व वडील या दोघांकडूनही एच न बनवणारे जनुक आले तरच हा गट संभवतो. भारतात सुमारे दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो, असे सांगतात. युरोपात तो दहा लाखांत जेमतेम एखाद-दुसरा.

येथे मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. गुठळ्या झाल्या, तेव्हा "नळी अस्वच्छ असेल" असे म्हणून ती फेकून देणे सोपे होते. तसे झाले नाही. आज रक्तगट ठरवताना रुग्णाचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशीही ताडून पाहतात. त्यामुळे असा रुग्ण वेळीच ओळखता येतो. पुस्तकांत डॉक्टरांची नावे राहिली. त्या दोन जखमींची राहिली नाहीत. तरीही त्यांच्या रक्तावाचून हा शोध लागला नसता.

सिकलसेल हा वेगळा आजार आहे, पण त्याची वाट तशीच आहे. दोघेही पालक वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक स्वतः धडधाकट दिसतो. तपासल्यावाचून ते कळत नाही. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी वस्त्यांत हा आजार बराच आहे. ज्यांना तो होतो, त्यांपैकी अनेकांना वरचेवर रक्त द्यावे लागते, आणि ते नीट जुळवूनच द्यावे लागते. के. ई. एम.च्या आवारातच रक्तविकारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तेथे सिकलसेलवरही काम चालते.

सुट्टीत मी आईला हे सारे सांगितले. जोत्याची गोष्ट तिला लगेच समजली. "मग हे त्या दिवशी त्यांनी का नाही सांगितलं?" एवढेच ती म्हणाली. तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. रक्त मागणाऱ्याने ते कशासाठी हवे, हे समोरच्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. वैद्यकशास्त्र शिकणे आम्हा कला शाखेच्या मुलांना जमणार नाही. पण गावात पथक आले, तर शेजारी उभे राहून दोन शब्द समजावून सांगणे जमेल. पुढच्या खेपेला पथक येईल, तेव्हा आईबरोबर मीही बोट पुढे करणार आहे. माझी तपासणीही अजून झालेली नाही.