शेजारी होणें : वरळीच्या चाळींवरून एक पाठ

शास्त्रपाठ : लूक १०:२५–३७. सोबत वाचावें : यिर्मया २९:४–७, गलती ६:९–१०.

विषयप्रवेश. — आमच्या खेड्यांतील पुष्कळ वाचकांस वरळी हें नांव परकें नाहीं. ज्यांचे आजे किंवा चुलते गिरणींत काम शोधावयास मुंबईस गेले, त्यांच्या घरीं वरळीच्या बी. डी. डी. चाळींची गोष्ट आजही निघते. १९२० सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट ह्या सरकारी खात्यानें त्या बांधिल्या. वरळींत अशा १२१ इमारती उभ्या राहिल्या. कुटुंबास सुमारें १६० चौरस फुटांची एक खोली, आणि शौचकूप मजल्यावरील सर्वांस मिळून. एका घरीं मूल रडलें तर पलीकडच्या घरीं ऐकूं यावें, इतकीं माणसें जवळ राहत. पण जवळ राहिल्यानें मनुष्य शेजारी होतो काय, हा आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

१. जवळीक पुरेशी नाहीं. — जानेवारी १९७४ मध्यें ह्याच चाळींत दलित व सवर्ण रहिवाशांमध्यें दंगल पेटली. एका छपराखालीं राहणारे, गिरणीच्या भोंग्यावर बरोबर उठणारे लोक एकमेकांवर उठले. भिंत एक होती, मन एक नव्हतें. दृष्टांतांतील याजक व लेवी हेही जखमी मनुष्याच्या जवळूनच गेले. त्यांनीं त्यास पाहिलें, आणि वाट बदलली.

त्यांस दोष देण्यापूर्वीं आम्हीं आपल्याकडे पाहावें. गेल्या पावसाळ्यांत प्रार्थनासभेस जाण्याच्या घाईंत आम्ही एका आजारी शेजाऱ्याच्या दारावरून पुढें गेलों. त्या रात्रीं त्यास दवाखान्यांत नेण्यास कोणी नव्हतें, हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं कळलें. याजकाची वाट आम्हांसही ओळखीची आहे.

२. जखम असूनही प्रीति. — कोणी म्हणेल, “ज्या गांवानें आमच्या वाडवडिलांस पाणवठ्यावर येऊं दिलें नाहीं, त्या गांवाची सेवा आम्हीं कां करावी?” ही जखम खरी आहे. ती विसरा, असें आम्ही म्हणत नाहीं. अन्यायास अन्यायच म्हटलें पाहिजे. परंतु शोमरोनी मनुष्यही तुच्छ मानिलेल्या लोकांपैकींच होता. वाटेवर पडलेल्याच्या लोकांनीं आपणांस कसें वागविलें, याचा हिशेब तो मांडीत बसला नाहीं. प्रभूनें शास्त्र्याचा प्रश्नच फिरविला : माझा शेजारी कोण हें विचारूं नको, तूं कोणाचा शेजारी झालास तें पाहा.

३. सेवा ही गळ नव्हे. — वरळीहून फार दूर नसलेल्या नागपाड्यांत मुसलमान, यहूदी, हिंदु व ख्रिस्ती अशी मिश्र वस्ती होती. तेथें अमेरिकन मराठी मिशननें ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ उघडलें. पाळक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे चालक होते. वाचनालय, खेळ, व्याख्यानें, आजाऱ्यांस औषध, हीं कामें तेथें सर्वांसाठीं होतीं. धर्मांतराची अट नव्हती. ह्याच घरांत १९३६ सालीं सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साह्यानें समाजसेवेचें शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. तीच संस्था १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ह्या नांवानें ओळखली जाते.

“अशा कामानें मंडळीची संख्या किती वाढली?” असें विचारणारे बंधु आहेत. शोमरोनी मनुष्यानें तेल ओतण्यापूर्वीं जखमी मनुष्याचा धर्म विचारला नाहीं. लाभावर डोळा ठेवून केलेली सेवा हा व्यापार होय. आपल्या आशेचें कारण कोणी विचारील तेव्हां तें नम्रपणें सांगावें. पण हात पुढें करण्यास त्या प्रश्नाची वाट पाहूं नये.

४. आतां शेजारधर्म ठरवून पाळावा लागेल. — ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या ५५६ चाळकरी कुटुंबांस नव्या उंच इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि घर मोठें होतें तेव्हां दार लवकर बंद होतें. खेड्यांतही नळ घरोघर आल्यावर पाणवठ्यावरची भेट कमी झाली. पूर्वीं जी भेट सहज होई, ती आतां पाय उचलून करावी लागेल.

यासाठीं प्रत्येक मंडळीनें एवढें तरी करावें : महिन्यांतून एकदां मंडळीबाहेरील घरीं भेट द्यावी; विधवेस निराधार योजनेचा अर्ज भरून द्यावा; आजाऱ्याबरोबर दवाखान्यांत रात्र काढावी; ग्रामसभेस जाऊन गटाराच्या व रस्त्याच्या कामांत सर्वांबरोबर उभें राहावें. शोमरोनी मनुष्यानें पदरचे दोन दीनार दिले आणि पुन्हां येण्याचें वचन दिलें. एकदांच केलेल्या उपकारापेक्षां पुन्हां येणारीं पावलें गांवास अधिक बळ देतात.

मनन व चर्चा. — (१) आपल्या आळींतील कोणत्या घराचा उंबरा आम्हीं वर्षभरांत ओलांडला नाहीं? (२) कोणती जुनी जखम आम्हांस अडविते? (३) येत्या आठवड्यांत आम्ही कोणाचे शेजारी होणार? उत्तर देतांना नांव मनांत धरावें, आणि पुढील रविवारीं एकत्र जमण्यापूर्वीं त्या घरीं जाऊन यावें.