पाचव्या महिन्यात हिरडा नको

कोल्हापूर

चि. सौ. छकुलीस,


पोट साफ होत नाही म्हणून तू रोज रात्री त्रिफळा चूर्ण घेतेस, असं ताईकडून कळलं. ‘फळांचंच तर चूर्ण, त्यानं काय होतंय?’ हे तुझं म्हणणं मला मान्य नाही. आजपासून ते बंद कर.

त्रिफळ्यातला आवळा तू एरवीही खातेस. काळजी आहे ती हिरड्याची. राधानगरी-आंब्याच्या रानातल्या या फळाला आपल्या वैद्यकानं आईचा मान दिला. पण 16व्या शतकातल्या ज्या ‘भावप्रकाशा’त त्याचे गुण भरभरून सांगितलेत, त्यातच तो कुणी खाऊ नये हेही सांगितलंय, आणि त्यांत गर्भवती स्त्री आहे. परंपरेचं नाव घ्यायचं तर ही मनाईही पाळायला हवी.

शिवाय तुझ्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत. कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावायला बाभळीच्या सालीबरोबर हिरडा वापरतात, तो त्यातल्या टॅनिनसाठी. हेच टॅनिन पोटात लोहाला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. सरकारी दवाखान्यातून मिळते ती रोजची 60 मिलिग्रॅमची गोळी मग पुरती कामाला येत नाही. पोट साफ न होण्याला कदाचित ती गोळीच कारण असेल. तरी मनानं सोडू नकोस. डॉक्टर प्रकार किंवा वेळ बदलून देतात.

पाकिटावरचे घटकही वाच. पोट साफ करणाऱ्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. ती रोज घेतली की जुलाबावाटे अंगातलं पाणी आणि पोटॅशियम जातं. बिननावाची सुटी पुडी तर घरातच नको. तीत जुलाबासाठी जेपाळ घातलेला असू शकतो, आणि जेपाळाची बी कायद्यानं विषारी द्रव्यांच्या यादीत आहे.

भिजवलेलं अंजीर, मनुका, पेरू, ज्वारीची भाकरी, पालेभाजी खा, पाणी भरपूर पी. इसबगोल डॉक्टरांना विचारून, पेलाभर पाण्यासोबतच घे. कमी पाण्यात ते घशात नाहीतर आतड्यात अडकतं. पोटात कळा आल्या, उलट्या झाल्या, शौचातून किंवा अंगावरून रक्त गेलं, तर कुठलंही घरगुती औषध न घेता थेट दवाखाना गाठ.

सासूबाईंनी चूर्ण मायेनंच आणलंय, त्यांना हे पत्र वाचून दाखव. आणि पुढच्या तपासणीला ते पाकीट सोबत नेऊन डॉक्टरांना दाखव.

तुझी,
मावशी