भरपाईचा आकडा नंतर, आधी खरेदीखताची तारीख

प्रश्न : माझे पती खुनाच्या केसमध्ये डिसेंबर 2011 पासून आत होते. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. नोव्हेंबर 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. वकिलाच्या फीसाठी सासऱ्यांनी फेब्रुवारी 2012 मध्ये दोन एकर जमीन गावातल्या एकाला चार लाखांत लिहून दिली होती. पैसे फिटले की खरेदी परत फिरवून द्यायची, असे ठरले होते. सासरे वारले. दीर आमच्याशी बोलत नाहीत. पती घराबाहेर पडत नाहीत, माझ्यामुळे सगळे गेले म्हणतात. तालुक्यातले एक गृहस्थ सरकारकडून 50 लाख मिळवून देतो म्हणतात. त्यांना मिळतील त्यातले 20 टक्के, फाईलचा खर्च म्हणून 40 हजार आधी आणि पतींचे मुखत्यारपत्र हवे आहे. भरपाई नक्की किती मिळेल? मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो, त्याला अडचण येईल का?
– एक भगिनी, जि. बीड

उत्तर : ताई, त्या गृहस्थांना 40 हजार देऊ नका, मुखत्यारपत्र तर नाहीच नाही. वकिलाला निकालातल्या रकमेत टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, आणि हे गृहस्थ वकीलही दिसत नाहीत. यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

भरपाईचे खरे चित्र असे आहे. निर्दोष सुटला म्हणून ठरावीक रक्कम देणारा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने 2018 साली आपल्या 277 व्या अहवालात असा कायदा करा, त्यासाठी विशेष न्यायालये नेमा, असे सुचवले. ते अजून कागदावरच आहे. त्यामुळे ‘अर्ज कुठे करायचा’ याला उत्तर नाही, कारण असा अर्ज घेणारी खिडकीच नाही. विनाकारण अटक झाली म्हणून फौजदारी कायद्यात जी भरपाई आहे, ती जास्तीत जास्त एक हजार रुपये. हो, एक हजारच.

मग 50 लाखांचा आकडा आला कुठून? 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 50 लाख द्यायला लावले, त्यावरून. ते प्रकरण निराळे. त्यांना शिक्षा झालेलीच नव्हती, आणि त्यांच्यावरचा खटला खोटा असल्याचे खुद्द सीबीआयने सांगितले होते. तुमच्या जवळचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. 2003 मधल्या गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीपर्यंत नेले गेले. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले आणि राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख द्यायला सांगितले. सोळा वर्षांचे पाच लाख! तेही तपासात गंभीर दोष होते हे निकालातच लिहिले म्हणून. गुजरातच्या अक्षरधाम खटल्यातून 2014 मध्ये सुटलेल्यांनी भरपाई मागितली, ती 2016 मध्ये नाकारली गेली.

तेव्हा निकालाची प्रमाणित प्रत काढा आणि शेवटची वीस पाने कुणाकडून तरी नीट वाचून घ्या. नुसता ‘संशयाचा फायदा’ लिहिला असेल तर भरपाईचा नाद सोडा. साक्षीदार उभा केला, पंचनामा नंतर लिहिला, पुरावा दडवला असे काही न्यायमूर्तींनी नोंदवले असेल, तर दोन वाटा आहेत. एक, उच्च न्यायालयात रिट. दुसरी, खोटा खटला भरल्याबद्दल दिवाणी दावा. या दाव्याला सुटकेपासून एकच वर्ष मिळते, आणि सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे तुमच्या हातात नोव्हेंबर 2026 पर्यंतचा वेळ आहे, आणि त्या गृहस्थांच्या तोंडून या तारखेचे नावही निघालेले नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तुम्ही मला भरपाई विचारलीत. विचारायला हवी होती ती जमीन. पत्रात तुम्ही ती चार ओळींत उरकली आहे, पण माझी नजर तिथेच अडली.

सुटून आलेल्या माणसांची घरे मी बुडताना पाहिली आहेत, ती बहुतेक एकाच समजुतीने : ‘माणूस आत होता, तेवढा काळ मुदत धरत नाहीत.’ धरतात. मुदतीच्या कायद्यात सवलत आहे ती अज्ञान मुलाला आणि वेड लागलेल्याला. कैद्याला नाही; मागाहून निर्दोष ठरलेल्या कैद्यालाही नाही. माणूस सुटतो, सत्कार होतो, भरपाईच्या गप्पा चालतात, आणि तोवर जमीन, पॉलिसी, वाटणीचा हक्क यांच्या मुदती एकेक करून संपत जातात. मग आमच्याकडे येतात तेव्हा आम्हाला फक्त तारखा मोजता येतात.

तुमच्याकडे अजून वेळ आहे, पण थोडा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा 2014 चे कलम 18 तुमच्यासारख्यांसाठीच आहे. बिनपरवाना सावकाराने कर्जाच्या तारणापोटी जमीन खरेदीखत करून घेतली असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, हे चौकशी करून ते खरेदीखत रद्द ठरवू शकतात आणि जमीन परत देववू शकतात. मात्र व्यवहार अर्जाच्या तारखेपासून मागच्या पंधरा वर्षांतला हवा. तुमचे खरेदीखत फेब्रुवारी 2012 चे. फेब्रुवारी 2027 उलटला की ही वाट बंद. अर्ज टाकून पोच घेतलीत ती तारीख खरी. वकिलाच्या कपाटात पडलेल्या अर्जाला काही अर्थ नाही.

दिवाणी न्यायालयात ‘ही खरेदी नव्हे, गहाण आहे’ म्हणून दावा घालता येईल का? येईल, पण तिथे एक मोठी मेख आहे. जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर कायदा त्याला गहाण मानत नाही. शंभराच्या स्टँपवर वेगळा लिहून दिलेला कागद तिथे कामाचा नाही. तोंडी शब्दाचे तर नावच काढू नका. सावकाराचा लिहिणारा हे पक्के जाणून असतो, म्हणून ती अट तो वेगळ्या कागदावरच घेतो. सहकार खात्याच्या चौकशीत मात्र हाच वेगळा कागद तुमचा सगळ्यात चांगला पुरावा ठरतो. सापडला तर जपून ठेवा, मूळ प्रत कुणाला देऊ नका.

सिद्ध दोन गोष्टी करायच्या. तो माणूस सावकारी करतो, आणि हा व्यवहार कर्जाचा होता. पहिलीसाठी तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे त्याचा परवाना आहे का विचारा. मग दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याच्या नावावरच्या खरेद्यांची सूची दोन काढा. गावातल्या आणखी चार अडलेल्या घरांची खरेदी त्याच माणसाने, त्याच काळात, तशाच पडेल भावाने घेतली असेल, तर तुमचे अर्धे काम झाले. एकाच नातेवाइकाला एकदा दिलेली जमीन असेल, तर प्रकरण अवघड जाईल हेही सांगून ठेवतो. दुसरीसाठी त्या वर्षीचा सरकारी भाव आणि दस्तातली किंमत शेजारी ठेवा, खरेदीनंतर जमीन प्रत्यक्षात कोण कसत होते ते पीकपाहणीत बघा, आणि व्याज कधी, कुणी, किती दिले याचा माग काढा.

इथे तुमचे दीर येतात. तुमचे पती आत होते, तुम्ही बहुधा लेकरे सांभाळत होतात. सासऱ्यांबरोबर त्या माणसाच्या ओट्यावर बसले कोण? व्याजाचे पैसे घेऊन गेले कोण? माझा अंदाज, दीर. त्यांच्याकडे वही असेल, निदान आठवण असेल. शिवाय सासऱ्यांच्या मागे तेही वारस आहेत, नणंदा असतील तर त्याही. अर्ज सगळ्या वारसांनी मिळून केला तर त्याला वजन येते. एकाच्या सहीचा अर्ज गेला की सावकार पहिले काम करतो ते दुसऱ्या भावाला फोडण्याचे. दिराचा राग मला समजतो. भावाच्या केसपायी त्याचीही जमीन गेली, आणि त्याला कुणी ‘तुझे काय झाले’ असे विचारले नसणार. तेव्हा त्याच्याकडे तुम्ही नाही, तुमच्या यजमानांनी जायला हवे. माफी मागायला नाही, कारण त्यांनी काही केलेलेच नाही हे न्यायालयाने सांगितले आहे. ‘जमीन परत आणू, तू सोबत चल’ एवढे म्हणायला. घरात कोंडून बसलेल्या माणसाला बाहेर काढायला तालुक्याची एक फेरी अनेकदा उपदेशापेक्षा उपयोगी पडते. झोप लागत नसेल, दचकून उठत असतील, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागही आहे. तिथे जाण्यात लाज नाही.

सावकार आता स्वतःहून येईल, ‘थोडे आणखी द्या, फिरवून देतो’ म्हणेल. रोख देऊ नका, कुठल्याही नव्या कागदावर सही करू नका. जमीन तिसऱ्याला विकण्याच्या तयारीत असेल तर अर्जातच विक्री थांबवण्याची मागणी घाला.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण असते, दूरध्वनी 15100. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून वकिलासाठीचा अर्ज तुमच्या नावाने करा.

किरकोळ बाबी : सुटताना यजमानांनी सहा महिन्यांचा बंधपत्राचा कागद दिला असेल, त्याची प्रत हरवू नका. सरकारला सर्वोच्च न्यायालयात जायला 90 दिवस असतात, आणि उशीर माफही होतो. मुंबईच्या लोकलमधल्या 7/11 बॉम्बस्फोटांच्या खटल्यात 21 जुलै 2025 ला बारा जण निर्दोष ठरले आणि 24 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये असे म्हटले. सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवले नाही. नोटीस आली तर दोन दिवसांत वकिलाकडे जा. सत्र न्यायालयात भरलेला दंड परत मागता येतो, पावती शोधा. जप्त झालेला मोबाइल किंवा गाडीही मागा. तुरुंगातून आत काढलेल्या काळाचा दाखला आणि कामाच्या मजुरीचा हिशेब घ्या. जुने बँक खाते दहा वर्षांहून अधिक बंद असेल तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेले असतील. ते बुडत नाहीत, ओळखपत्र घेऊन आपल्याच बँकेत मागायचे.

मुलाचे : भरतीच्या फॉर्मात उमेदवारावर गुन्हा आहे का, हे विचारतात, बापावर नाही. जे विचारले आहे त्याचे खरे उत्तर लिहावे, लपवाछपवी करू नये, आणि पळायचा सराव चालू ठेवावा.