सिकलसेल आणि चुलीजवळचा आनंद

गडचिरोली जिल्ह्यात, आपल्या कुरखेड्याकडेही, सिकलसेलचे रुग्ण आहेत. हा आजार संसर्गाने होत नाही, आईवडिलांकडून येतो. शरीरात ऑक्सिजन किंवा पाणी कमी पडलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय असह्य दुखतात. मग घरचे म्हणतात, "तू बस, काही करू नको." काळजीपोटीच म्हणतात, पण मुलाला वाटू लागतं की आपला काही उपयोगच नाही.

इथे स्वयंपाकघर कामी येतं. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पानं आणली की ती बसून निवडता येतात. लसूण सोलता येतो, तिखट-मीठ किती ते ठरवता येतं. हिरव्या पालेभाजीत फोलेट असतं. नव्या पेशी बनायला ते लागतं. मात्र भाजी खाल्ली म्हणून डॉक्टरांनी दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सोडायची नाही.

पालकांनो, मुलाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवा, थंडीत कोमट पाणी द्या, थकलं की लगेच विश्रांती. ताप आला किंवा दुखणं वाढलं तर थेट दवाखाना.

भाजी केल्याने आजार जात नाही. पण "आजची भाजी मी केली" असं सांगणारं मूल जेवायला ताठ बसतं.