निद्रेच्या अवस्था आणि यंत्राचे अध्ययन

निजलेल्या मनुष्याकडे पाहून त्याची झोप गाढ आहे की सावध, एवढेच स्थूलमानाने सांगता येते. मेंदूतील विद्युत्-लहरी मात्र रात्रभर पालटत असतात. त्यांच्या आलेखावरून निद्रेच्या अवस्था ओळखण्याचे नियम १९६८ साली रेख्टशाफेन व केल्स यांनी घालून दिले. २००७ साली त्यांची पुनर्रचना झाली. आज ३० सेकंदांच्या प्रत्येक खंडाला पाचांपैकी एक नाव द्यावयाचे असते : जागृती, निद्रेच्या तीन पायऱ्या, आणि डोळ्यांची जलद हालचाल होणारी स्वप्नबहुल निद्रा. आठ तासांच्या झोपेचे असे ९६० खंड होतात. ते डोळ्यांनी तपासणे हे तज्ज्ञाच्याही चिकाटीचा अंत पाहणारे काम होय.

हे काम संगणकावर सोपविण्याचे प्रयत्न मध्य प्रदेशातही झाले. वरुण बजाज आणि राम बिलास पचोरी यांनी २०१३ साली यासंबंधीची एक पद्धत प्रसिद्ध केली. लहरींत कोणत्या क्षणी कोणती कंपने प्रबळ आहेत, हे दर्शविणारे चित्र तयार करून त्यावरून अवस्था ओळखावयाची, असे तिचे स्वरूप होते. पुढे जबलपूरच्या भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत बजाज व त्यांच्या सहकाऱ्यांनी तरंगिकांच्या साहाय्याने लहरींचे पृथक्करण केले. तो निबंध २०२० सालचा.

अशा यंत्राला नियम पढविलेले नसतात. तज्ज्ञाने नावे दिलेले असंख्य खंड त्याच्यापुढे ठेवले जातात आणि त्यांतून भेदरेषा त्याने स्वतः शोधावयाची असते. गाढ निद्रेच्या संथ, उंच लहरी त्याला सहज उमगतात. दुसऱ्या पायरीवर सेकंदास ११ ते १६ कंपनांचे चातीच्या आकाराचे झुबके दिसतात, तेही ओळखू येतात. खरी अडचण पहिल्या पायरीची. डुलकीच्या त्या क्षणांतील बारीक लहरी स्वप्नावस्थेतील लहरींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की, डोळ्यांची हालचाल व हनुवटीच्या स्नायूंचा ताण पाहिल्यावाचून निर्णय कठीण. येथे दोन तज्ज्ञांचेही वारंवार एकमत होत नाही. मग शिष्याने गुरूहून निःशंक असावे, ही अपेक्षा अवाजवीच म्हणावी लागेल.

यशाचे आकडे वाचतानाही सावधगिरी हवी. एकाच व्यक्तीचे काही खंड शिकविण्यासाठी आणि उरलेले परीक्षेसाठी वापरले, तर यंत्र त्या व्यक्तीच्या लकबीही आत्मसात करते आणि गुण फुगतात. ज्याचा एकही खंड यंत्राने पाहिलेला नाही, अशा माणसाच्या झोपेवर घेतलेली परीक्षाच रुग्णालयाच्या उपयोगाची. त्यातून, अशा संशोधनात वारंवार वापरला जाणारा ‘स्लीप-ईडीएफ’ हा आलेखसंग्रह नेदरलँड्समध्ये तयार झालेला आहे, आणि त्याच्या मूळ आठ आलेखांतील माणसे २१ ते ३५ वर्षे वयाची, कोणतेही औषध न घेणारी होती.